ओळ लिहिली खरी, पण पोचली का?

फाइल हँडलिंगच्या प्रॅक्टिकलला कुणाचंच काही अडत नाही. प्रोग्राम असतो तीन पायऱ्यांचा: फाइल उघडा, ओळ लिहा, फाइल बंद करा. आउटपुटची प्रिंट जर्नलमध्ये चिकटवली, सरांची सही घेतली, की पुढचं प्रॅक्टिकल. व्हायवाला एक्स्टर्नल फार तर विचारतात, ‘क्लोज का करायचं?’ आपण सांगतो, ‘करावं लागतं, सर.’ दोन्ही बाजूंचं समाधान होतं.

खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तुम्ही ‘राइट’ म्हणालात, एरर आली नाही, प्रोग्राम पुढे सरकला. त्या क्षणी तुमची ओळ नक्की कुठे असते? ‘फाइलमध्ये, अजून कुठे?’ असं तुमचं उत्तर असेल, तर पुढचं जरा सावकाश वाचा. कारण बहुतेक वेळा ती तिथे नसते.

एक अगदी नेहमीचा प्रोजेक्ट घेऊ. रास्पबेरी पायला तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर जोडलाय, होस्टेलच्या गच्चीखालच्या जिन्यात तो ठेवलाय. दर मिनिटाला एक रीडिंग, एका ओळीत तारीख-वेळ आणि दोन आकडे. पायथनमधला प्रोग्राम सुरुवातीला फाइल उघडतो आणि मग लिहीत बसतो. तीन आठवड्यांचा डेटा गोळा करायचा, त्यावर ग्राफ काढायचे, रिपोर्ट बांधायचा. आणि एका पावसाळी रात्री अडीच वाजता लाइट जाते.

सकाळी फाइल उघडली तर शेवटची ओळ रात्री अडीचची असायला हवी. ती असते साडेअकराची. मधले तीन तास गायब. सेन्सर चालू होता, प्रोग्राम चालू होता, एकही एरर नव्हती. मग ओळी गेल्या कुठे?

हिशेब करून बघा. पायथन प्रत्येक ओळ लगेच डिस्ककडे पाठवत नाही. तो ती आपल्याजवळ, मेमरीतल्या एका छोट्या जागेत साठवतो. तिला बफर म्हणतात. पायथनमध्ये वर्षानुवर्षं हा बफर ८१९२ बाइटचा राहिलाय. तुमची एक ओळ समजा ४० बाइटची. म्हणजे दोनशेच्या आसपास ओळी जमेपर्यंत, आणि कधी त्याहूनही जास्त, डिस्कला काही पत्ताच नसतो. मिनिटाला एक या वेगाने दोनशे ओळी म्हणजे तीन तास वीस मिनिटं. एवढा वेळ तुमचा डेटा फक्त विजेच्या भरवशावर असतो.

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडचे असाल तर वडाप तुम्हाला माहीतच असणार. जीप फाट्यावर उभी असते, तुम्ही आत जाऊन बसता, पण सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. बफरचं अगदी तसंच आहे. ‘राइट’ म्हणजे जीपमध्ये बसणं, निघणं नव्हे. ‘फ्लश’ म्हणजे ‘दादा, रिकाम्या सीटचे पैसे देतो, पण आता काढा गाडी’. आणि ‘क्लोज’ म्हणजे दिवसाची शेवटची फेरी. चारच माणसं असली तरी त्यांना घेऊन निघायचं. व्हायवाच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

आता ड्रायव्हर वाट का बघतो, तेही रास्त आहे. प्रत्येक फेरीला खर्च आहे. तुमच्या प्रोग्रामने एक ओळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात द्यायची तर दर वेळी आपलं काम थांबवून तिच्या दारात जावं लागतं. लाखभर ओळी असतील तर लाख वेळा. त्यापेक्षा दोनशे-दोनशे ओळींचे गठ्ठे केले तर पाचशे फेऱ्यांत काम होतं. म्हणून बफर हा काही दोष नाही. तो आहे हे आपल्याला सांगितलेलं नसतं, एवढंच.

सांगितलेलं नसतं कारण तो सहसा दिसत नाही. स्क्रीनवर ‘प्रिंट’ केलं की ओळ लगेच दिसते. समोर टर्मिनल आहे, माणूस बघतोय, हे ओळखून तिथे ओळ संपली की फ्लश होतो. तोच प्रोग्राम, तेच प्रिंट, पण आउटपुट फाइलकडे वळवलं की वागणं बदलतं आणि गठ्ठे सुरू होतात. ‘स्क्रीनवर तर येत होतं!’ ही तक्रार प्रत्येक लॅबमध्ये कधी ना कधी ऐकू येते, ती यामुळे. त्यातही आणखी एक गंमत आहे. प्रोग्राम साध्या एररने पडला तर पायथन बहुधा जाता जाता उघडी फाइल बंद करतो आणि ओळी वाचतात. त्यामुळे टेस्टिंग करताना सगळं ठीकच दिसतं. पण टास्क मॅनेजरमधून सरळ मारला, किंवा लाइट गेली, तर ‘जाता जाता’ला वेळच मिळत नाही.

स्टँडवर पोचलात, घरी नाही

बरं, फ्लश केलं. झालं का? नाही. वडाप तुम्हाला तालुक्याच्या एसटी स्टँडवर सोडतं, घरी नाही. फ्लशने ओळ तुमच्या प्रोग्रामकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. ती पुन्हा मेमरीतच ठेवली जाते, फक्त मेमरीचा मालक बदलतो. इथून पुढे तुमचा प्रोग्राम मेला तरी ओळ सुरक्षित आहे, कारण ती आता सिस्टिमच्या ताब्यात आहे. पण लाइट गेली तर अजूनही काही खरं नाही. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगनुसार अशी न लिहिलेली पानं साधारण ३० सेकंद जुनी झाली की ती डिस्कवर उतरवायला घेतात. म्हणजे मधला अर्धा मिनिट ओळ स्टँडवरच उभी.

घरी पोचल्याची खात्री हवी असेल तर वेगळी मागणी करावी लागते. तिचं नाव ‘एफसिंक’. घरातून निघताना आई म्हणते ना, ‘पोचल्यावर फोन कर’, तसं आहे हे. एफसिंक म्हणजे तो फोन येईपर्यंत प्रोग्रामने जागचं न हलणं. सिस्टिम डिस्कला सांगते, डिस्क आपल्या पोटातल्या छोट्या मेमरीतूनही ओळ खाली उतरवते, ‘झालं’ म्हणते, मगच प्रोग्राम पुढे जातो. पायथनमध्ये आधी फ्लश आणि मग एफसिंक, या क्रमानेच करायचं. उलटं केलंत तर जीप फाट्यावरच उभी आणि तुम्ही फोनची वाट बघताय.

मग प्रत्येक ओळीला एफसिंक का करू नये? किंमत बघा. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. एका एफसिंकला एक फेरी जरी धरली, तरी एक लाख ओळींना जवळजवळ १४ मिनिटं लागतील. त्याच ओळी गठ्ठ्याने लिहिल्या तर पापणी लवायच्या आत होतात. एसएसडीवर हा आकडा बराच खाली येतो, पण फुकट तिथेही नाही. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला तेव्हा तो एफसिंक इतक्यांदा मागायचा की लिनक्स वापरणाऱ्यांची स्क्रीन मधेच थिजायची. लोकांनी तेव्हा भरपूर बोटं मोडली.

म्हणून इथे ठरवावं लागतं, आणि ते तुमच्यासाठी दुसरं कुणी ठरवू शकत नाही. मिनिटाला एक रीडिंग असेल तर प्रत्येक ओळीला फ्लश आणि एफसिंक बिनधास्त करा. मिनिटातले दहा मिलिसेकंद गेले तर कुणाचं काय बिघडतं? पण सेकंदाला हजार ओळी येत असतील तर विचारा, शेवटच्या पाच सेकंदांचा डेटा गेला तर चालेल का? चालत असेल तर दर पाच सेकंदांनी एकदा. पैशांचा व्यवहार लिहीत असाल तर एकही ओळ जाता कामा नये, मग वेग गेला खड्ड्यात.

‘डब्ल्यू’ नावाचा झाडू

तीन तास गेले, ठीक आहे. तीन आठवड्यांतले तीन तास. ग्राफमध्ये एक फट राहील, रिपोर्टमध्ये एक तळटीप येईल. पण त्या रात्रीची गोष्ट इथे संपत नाही. पहाटे चारला लाइट परत येते. पाय आपोआप सुरू होतो. तुम्ही हुशारीने प्रोग्रामही बूट होताच आपोआप सुरू होईल असं लावून ठेवलंय. प्रोग्राम सुरू होतो, फाइल उघडतो. कुठल्या मोडमध्ये?

पुस्तकातलं पहिलं उदाहरण ‘डब्ल्यू’चं असतं, तेच आपण उतरवून घेतो. डब्ल्यू म्हणजे ‘राइट’, एवढंच डोक्यात बसतं. प्रत्यक्षात डब्ल्यू म्हणजे ‘आधी फाइल रिकामी कर, मग लिहायला बस’. आणि रिकामी केव्हा होते? पहिली ओळ लिहिताना नाही, उघडतानाच. तुम्ही पुढे एक अक्षरही लिहिलं नाही तरी फाइल शून्य बाइट. पहाटे चारला लाइट परत आली त्या क्षणी तुमचे तीन आठवडे पुसले गेले. लाइट गेली तेव्हा नाही, आली तेव्हा. हे जेव्हा एखाद्या ग्रुपच्या लक्षात येतं, तेव्हा सबमिशनला चारच दिवस उरलेले असतात.

ही खोड पायथनची नाही, ती थेट युनिक्सपासून आलेली आहे. युनिक्समध्ये नवी फाइल तयार करायची जी मूळ हाक होती तिचं नाव ‘क्रिएट’, पण इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘ई’ गाळलेलं. फाइल नसेल तर ती बनवायची, असेल तर रिकामी करायची, हे तिचं काम. युनिक्स पुन्हा बनवायचं झालं तर काय बदलाल, असं केन थॉम्पसन यांना एकदा विचारलं गेलं. त्या स्पेलिंगमध्ये ‘ई’ घालीन, असं त्यांनी उत्तर दिलं. फाइल न विचारता रिकामी होते त्याबद्दल ते काही बोलले नाहीत!

रोज नव्या ओळी जोडायच्या असतील तर ‘ए’ मोड, म्हणजे अपेंड. जुनं तसंच राहतं, नवं शेवटी जातं. आणि जुन्या फाइलला चुकूनही हात लागू नये असं वाटत असेल तर ‘एक्स’ मोड आहे. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तो उघडायलाच नकार देतो. हा तिसरा मोड बहुतेक अभ्यासक्रमांत आलेलाच नाही, जर्नलमध्ये तर नाहीच. खरं तर सगळ्यात आधी तोच शिकवायला हवा.

पण काही वेळा पूर्ण फाइल नव्यानेच लिहायची असते. सेटिंग, गेमचा स्कोअर, विद्यार्थ्यांची यादी. तिथे डब्ल्यू लागणारच. मग जुनी फाइल रिकामी झाली आहे आणि नवी अजून पोचलेली नाही, अशी एक फट तयार होते. ही फट किती महागात पडू शकते हे २००९ मध्ये लिनक्सच्या जगाने पाहिलं. उबुंटूची ९.०४ ही आवृत्ती यायची होती. तिच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काही जणांनी एक्सट४ ही तेव्हाची नवी फाइल सिस्टिम घेतली होती. मशीन अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाली की त्यांच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या कितीतरी फाइल शून्य बाइटच्या निघायला लागल्या. जुनं गेलं होतं, नवं आलंच नव्हतं.

झालं होतं असं. जुनी एक्सट३ दर पाच सेकंदांनी सगळं डिस्कवर उतरवायची. नव्या एक्सट४ ने वेगासाठी, डेटाला डिस्कवर जागा नेमून द्यायचं कामच लांबणीवर टाकलं. पाच सेकंदांची फट मिनिटभराच्या आसपास गेली. ‘फाइल रिकामी केली’ ही नोंद आधी पोचायची, आतला मजकूर मागून यायचा. एक्सट४ चे मुख्य कर्ते थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की एफसिंक न मागणाऱ्या प्रोग्रामला असं काही वचन कधी दिलेलंच नव्हतं, चूक त्या प्रोग्रामची आहे. नियमाप्रमाणे ते शंभर टक्के बरोबर होते. तरी त्यांनी एक्सट४ मध्ये या फटीसाठी दुरुस्ती घातली, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं. ज्याच्या फाइल गेल्यात त्याला नियमाचं पान दाखवून काय होणार?

या सगळ्यावरचा उपाय मात्र जुना आणि साधा आहे. नवा मजकूर मूळ फाइलमध्ये लिहूच नका. शेजारी वेगळ्या नावाची फाइल बनवा, त्यात सगळं लिहा, फ्लश करा, एफसिंक करा, बंद करा. आणि मग तिचं नाव बदलून मूळ नाव द्या. एकाच डिस्कवर नाव बदलणं हे एका झटक्यात होणारं काम आहे. कुठल्याही क्षणी लाइट गेली तरी त्या नावाखाली एकतर पूर्ण जुनी फाइल असते, नाहीतर पूर्ण नवी. पायथनमध्ये यासाठी ‘ओएस’ मोड्यूलमधलं ‘रिप्लेस’ आहे. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, बस.

कॉमर्सचे मित्र हे वाचून हसतील, कारण त्यांच्याकडे हा विचार केव्हाचा आहे. व्यवहार झाला की आधी कीर्दीत नोंद, आणि तिथून सवडीने खतावणीत. खतावणी करताना गडबड झाली तरी कीर्द उघडून पुन्हा मांडता येते. डेटाबेस हेच करतात. पोस्टग्रेससारखा डेटाबेस कुठलाही बदल आधी एका लॉग फाइलच्या शेवटी जोडतो, तिला एफसिंक करतो, तेव्हाच तुम्हाला ‘झालं’ म्हणतो. मूळ तक्ते मागाहून बदलतात. पण त्यांचीही एकदा फसगत झाली. २०१८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक अयशस्वी झाला आणि आपण तो पुन्हा मागितला, तर दुसऱ्या वेळी ‘झालं’ असं उत्तर येऊ शकतं, मधली पानं डिस्कवर गेलेली नसली तरी. पोचल्याचा फोन आला, पण माणूस पोचलाच नव्हता. वीसएक वर्षं हे गृहीत धरून काम चाललं होतं. २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी उपाय काढला तो असा: एफसिंक फसला की पुन्हा मागायचा नाही, डेटाबेस मुद्दाम पाडायचा आणि लॉगवरून सगळं परत उभं करायचं. जगभर वापरला जाणारा डेटाबेस इथे चकतो, तर तुमच्या-माझ्या स्क्रिप्टची काय कथा.

मराठी नावं आणि जपानी येन

आतापर्यंत ओळ पोचते का ते पाहिलं. आता ती जशी लिहिली तशीच पोचते का? एनएसएसच्या कॅम्पला गेलात, गावात सर्व्हे केलात, दीडशे घरांची नावं मराठीत टाइप केलीत. ती पायथनमधून फाइलमध्ये लिहायला गेलात आणि विंडोजच्या लॅपटॉपवर ‘चारमॅप’ असं काहीतरी म्हणत लालभडक एरर आली. कारण एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजवर पायथन वर्षानुवर्षं सिस्टिमचं जुनं कोष्टक वापरत आलाय. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपवर ते विंडोज-१२५२ असतं, आणि त्यात पश्चिम युरोपातली अक्षरं आहेत. देवनागरीचं एकही नाही. आणि फाइल डब्ल्यूने उघडली असेल तर एरर येण्याआधीच जुनी फाइल रिकामी झालेली असते, हे विसरू नका. दोन्हीकडून मार.

इथे इंटरनेटवर एक घातक सल्ला मिळतो: एररकडे दुर्लक्ष करायला सांगा, म्हणजे ‘इग्नोर’ लावा. लावलंत की एरर खरंच जाते. फाइल उघडून बघितली तर दीडशे ओळी असतात, प्रत्येक ओळीत स्वल्पविराम असतात, आकडे असतात. नावं तेवढी नसतात. प्रत्येक मराठी अक्षर निमूटपणे गाळलेलं. एरर येणं परवडलं, ती निदान ओरडते तरी.

योग्य उपाय एका शब्दाचा आहे: फाइल उघडतानाच एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ आहे असं लिहायचं. दर वेळी, न विसरता. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर ही पद्धत मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘नमस्कार’ मोजून बघा: न, म, स, हलन्त, क, काना, र. सात चिन्हं, २१ बाइट. म्हणजे आपला ८१९२ चा बफर मराठीत २७३० चिन्हांतच भरतो. वडापमध्ये आपली माणसं तीन-तीन सीट अडवून बसतात म्हणा ना!

एवढं केलंत आणि ती सीएसव्ही फाइल सरांनी एक्सेलमध्ये उघडली. नावांच्या जागी काय दिसतं? डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ‘ए’, आणि त्यांच्या मधेमधे जपानी येनचं चिन्ह. गोंधळ वाटतो, पण तो गोंधळ नियमात आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, तोच जुन्या कोष्टकात तिरक्या रेघेचा ए आहे. दुसऱ्या बाइटला दोनच पर्याय, त्यातला एक म्हणजे येन. दुसरी वेलांटी, मात्रा, हलन्त, सगळे येनवाले. तुमचा डेटा शाबूत आहे, एक्सेलने चुकीचा चष्मा लावलाय इतकंच. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची एक खूण असली की एक्सेल यूटीएफ-८ ओळखतो. पायथनमध्ये एन्कोडिंगचं नाव ‘यूटीएफ-८-सिग’ दिलंत की ती खूण आपोआप लिहिली जाते.

घरी किंवा एखाद्या ऑफिसात श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइल असतील तर तो प्रकार वेगळा. त्यांच्या पोटात मराठी नसतंच. कोड असतात दुसऱ्या अक्षरांचे, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. फॉन्ट काढला की मराठीही जाते. तिथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही, कन्व्हर्टरच लागतो.

ओळ म्हणजे तरी काय?

इतका वेळ ‘ओळ, ओळ’ चाललंय, पण फाइलला ओळ माहीत नसते. तिला फक्त बाइट माहीत असतात, एकापाठोपाठ एक. ओळ संपली हे सांगणारं एक अदृश्य अक्षर आपण घालतो, तेच बॅकस्लॅश-एन. पायथनमध्ये ‘राइटलाइन्स’ नावाचं फंक्शन आहे. नावावरून वाटतं की ते ओळी लिहील. ते देते ते नुसतं ओतून मोकळं होतं, बॅकस्लॅश-एन तुम्ही घातला नसेल तर दीडशे नावांची एक लांबलचक आगगाडी तयार होते. इतकं फसवं नाव क्वचितच सापडेल.

त्यातही विंडोजचं अक्षर वेगळं. जुन्या टेलिप्रिंटरला नवी ओळ सुरू करायला दोन कामं करावी लागायची: छापणारा गाडा डावीकडे परत आणणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. दोन कामं, दोन कोड. युनिक्सने एकच ठेवला, डॉसने आणि मग विंडोजने दोन्ही. विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सची एकटी खूण कळायला २०१८ साल उजाडलं, तोपर्यंत अशी फाइल त्यात एका ओळीत दिसायची. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एका मित्राने फक्त एक स्पेलिंग सुधारलं तरी गिटमध्ये आख्खी फाइल लाल-हिरवी दिसते, ती अनेकदा याच भानगडीमुळे. आणि विंडोजवर सीएसव्ही लिहिली की प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते ना? सीएसव्हीचं मोड्यूल स्वतः दोन्ही खुणा लिहितं, वर पायथन त्यातल्या एकीच्या पुन्हा दोन करतो. फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्या, रिकाम्या ओळी जातील.

युनिक्सच्या पॉझिक्स या मानकात ओळीची व्याख्या दिली आहे. शून्य किंवा अधिक अक्षरं, आणि शेवटी बॅकस्लॅश-एन. म्हणजे शेवटी ती खूण नसेल तर ती ओळच नव्हे. वाचताना हा काथ्याकूट वाटतो. त्याचा उपयोग हातात बघायचा असेल तर कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्सच्या मशीनवर एक छोटा प्रयोग करा. सी मध्ये प्रोग्राम लिहा. एकपासून पुढे आकडे, प्रत्येक आकडा नव्या ओळीवर, फाइलमध्ये लिहायचे. प्रत्येक आकड्यानंतर सेकंदाचा पन्नासावा भाग थांबायचं. शेजारी तोच आकडा स्क्रीनवरही दाखवा. फ्लश करू नका, क्लोजपर्यंत जाऊ देऊ नका.

दुसऱ्या खिडकीत फाइलचा आकार बघत बसा. शून्य. स्क्रीनवर पाचशे आकडे झाले तरी शून्य. आठशे, नऊशे, शून्यच. हजार ओलांडल्यावर थोड्या वेळात आकार एकदम ४०९६ होतो, कारण बहुतेक लिनक्स मशीनवर सी चा बफर तेवढा असतो. आता स्क्रीनवर १५०० दिसत असताना प्रोग्राम ‘किल -९’ने मारा, आणि फाइलच्या तळाशी जा. १०३९, १०४०, आणि त्याखाली १०४.

१०४१ मधला शेवटचा एक आणि बॅकस्लॅश-एन जीपमध्ये बसायचे राहिले होते. बाकीचे साडेचारशेहून जास्त आकडे तर फाट्यावरच. पण बघण्यासारखा आहे तो १०४. तो आकडा म्हणून अगदी वैध आहे. वाचणारा प्रोग्राम त्याला बिनतक्रार घेईल, सरासरीत धरेल, ग्राफवर ठिपका काढेल. सेन्सरच्या फाइलमध्ये ३१.४ ऐवजी नुसता ३ असता तर पावसाळ्यातल्या होस्टेलच्या जिन्यात तीन अंश तापमान दिसलं असतं. तीन बाइटच्या मधेच तुटलेलं मराठी चिन्ह असतं तर वाचताना निदान एरर तरी आली असती. आकडा तेही करत नाही.

म्हणून फाइल वाचणाऱ्या तुमच्या प्रोग्रामला एक तपासणी शिकवा: शेवटच्या ओळीअखेर बॅकस्लॅश-एन आहे का? नसेल तर ती वगळायची. आणि अपेंड मोडमध्ये पुन्हा लिहायला सुरुवात करण्याआधीही हेच बघायचं, नाहीतर पहाटे चारचं पहिलं रीडिंग त्या अर्धवट तुकड्यालाच जाऊन चिकटेल.